मीटरला घातलेलं कडं

गिरणीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. वीजबाबा मीटर शांत करत होते. त्यांनी डोळे मिटून मीटरवर हात ठेवला, शॉक बसल्यासारखे थरथरले आणि तांब्याचं कडं पेटीला अडकवत म्हणाले, "तारेतून अतृप्त आत्मे वाहतात, म्हणून दर चढतो. दिवस मावळला की त्यांना तहान लागते. तेव्हा संध्याकाळी मशीनना मौन. जेवणं उरकली की खुशाल चालू करा."

आत्म्यांच्या जेवणाच्या वेळाही बाबांना पाठ होत्या. लोकांनी हात जोडले. जोडणारच, कारण बिलं खरोखर उतरत होती.

गर्दीत लॉन्ड्रीवाल्या दोघी जावा होत्या. थोरलीनं कडं आधीच घेतलं होतं, मौनही नेमानं पाळत होती. तिचं बिल उतरलं आणि ती पुरती विरघळली. आता बाबांनी तिला 'कायमची शांती' सुचवली होती. त्यासाठी एका मशीनचं दान करायचं, आणि बाबांना नेमकं कपडे वाळवायचं मशीनच हवं होतं. आत्मे ओले असावेत.

घरी येताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मशीन दिलं तर इस्पितळाच्या चादरी वाळवायच्या कुठे? ते काम गेलं की दुकानाला कुलूप."

"बिल उतरलं की नाही?"

"उतरलं."

"मग जास्त शहाणपणा नको. उद्या संध्याकाळी टेम्पो येतोय."

बिल उतरलं होतं, त्याला धाकटी तरी काय करणार?

समोरच शिंपीकाकांचं दुकान होतं. त्यांनी कडं घेतलं नव्हतं. बाबांना ते 'तांब्याचे व्यापारी' म्हणत. तरी त्यांचंही बिल उतरलं होतं.

"काका, तुमच्यावर कुणाची कृपा?" धाकटीनं विचारलं.

"मोतीबिंदूची. अंधारलं की दोरा दिसत नाही. मशीन बंद करून घरी जातो."

बेकरीवाल्यानं तर सगळ्यात जाड कडं घेतलं होतं. पण त्याचा पाव संध्याकाळीच भाजावा लागे. त्याचं बिल चढलं. बाबा म्हणाले, मन मळलंय. मन धुवायला तो एखाद दिवशी लॉन्ड्रीत येईल, असं धाकटीला वाटत होतं.

आता मात्र तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी ती वीज कंपनीच्या खिडकीशी गेली. आतल्या बाई जांभई देत म्हणाल्या, "नवे मीटर वेळ बघून मोजतात. संध्याकाळी सगळे एकदम बटणं दाबतात. तेवढी वीज आमच्याकडे नसते, बाहेरून महागाची घ्यावी लागते. म्हणून तेव्हा दर जास्त. दुपारी उन्हाची वीज स्वस्त, रात्री मागणी कमी, म्हणून तेव्हा कमी."

"आणि एकूणच दर का वाढतो?"

"कोळसा महागला, जुन्या तारा बदलायच्यात, चोरीची वीजही तुमच्याच बिलात येते. तुमच्या बाबांना विचारा की. कालपरवापर्यंत इथेच कंत्राटावर मीटर बसवायचे ते."

धाकटीनं घरी येऊन सगळं सांगितलं. थोरलीनं हातातली घडी खाली ठेवली.

"म्हणजे मी मूर्ख?"

"मूर्ख कशाला? मौन तुम्ही पाळलंत. बिल तुम्हीच उतरवलंत, जाऊबाई. बाबांनी फक्त श्रेय उचललं."

टेम्पो आला. बाबा उतरले, मागून गल्ली लोटली. थोरली दारात उभी राहिली.

"बाबा, मशीन देते. पण आधी महिनाभर कडं तसंच ठेवते आणि रोज संध्याकाळी मशीन चालवते. तरी बिल उतरलं, तर घेऊन जा."

"बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कुठे? कड्याची घेतेय."

बेकरीवाला पुढे सरसावला. "परीक्षा झाली की. मी नापास झालोय."

गल्ली हसली. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचे आत्मे आठवले, आणि टेम्पो रिकामा गेला. थोरलीनं आत जाऊन इस्पितळाच्या ओल्या चादरी रात्रीसाठी बाजूला काढल्या.

दर अन्यायाचा वाटला तर कंपनीला जाब विचारा, चार जण मिळून विचारा. मीटरला कडी घालून कोळसा स्वस्त होत नाही. आणि कुणाच्या हातून काही चमत्कार घडला असं वाटलं, तर पाया पडण्याआधी एवढंच बघा: ज्यानं कडं घेतलंच नाही, त्याचं काय झालं?