चिकटवलेली सहा पानं

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाचे चिटणीस श्रीपादराव बायकांना न शोभणारी पानं खळीनं चिकटवून टाकत. वाचनालय त्यांच्याच घराच्या ओटीवर, तेव्हा विचारणार कोण? चोपन्न साली मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि पुस्तक मिळायला दुसरं ठिकाण नव्हतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या एका विलायती कादंबरीत मला अशी सहा पानं सापडली. माझं डोकंच फिरलं. चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून मी ती सोडवली. वाटलं, प्रेमाबिमाचं असेल. कसलं काय! एक पोरकी मुलगी तिला छळणाऱ्या मामीला तोंडावर जाब विचारते, एवढंच. चाळून पाहिलं, तर प्रेमाची पानं पुढं मोकळीच होती. श्रीपादराव कशाला भितात ते मला कळलं, आणि ती मुलगी सख्ख्या बहिणीहून जवळची वाटायला लागली.

पुस्तक अर्धं झालं तेव्हा मुदत वाढवून घ्यायला गेले. सुरकुतलेली पानं पाहून त्यांनी ते काढूनच घेतलं.

"माफी लिहून दे, मग उरलेलं वाच."

"पानं तुम्ही चिकटवलीत. माफी मी का लिहू?"

घरी माझे वडील, अण्णा, भडकले. "दोन ओळी लिहायला काय जातं तुझं?"

मी लिहायला बसले, पण माफी नव्हे. त्या मुलीचं बोलणं मला पाठ झालं होतं, ते मराठीत उतरवलं. पानभर झालं. आई पोळ्या लाटत होती. तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "संक्रांतीचं वाण अजून ठरलं नाहीये. असे किती कागद करशील, सुमे?"

चाळीस केले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर लिहिलं, 'वाचनालयातली चिकटवलेली पानं'. हळदीकुंकवाला आई प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ आणि एकेक कागद ठेवत होती. श्रीपादरावांच्या पत्नी हेमावहिनींनी तो उभ्या उभ्या वाचला आणि तडक निघून गेल्या. आता पुस्तक कायमचं गेलं, असं वाटून मला रडू आलं.

दिवेलागणीला त्या परत आल्या. पदराखालून माझं पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"दर रविवारी खळ मीच शिजवून देते गं," त्या म्हणाल्या. "कशाला लागते, कधी विचारलं नाही. आता त्यांची त्यांनी शिजवावी. तू वाच, आणि पुढं त्या मुलीचं काय झालं ते मला सांगायला ये. आमच्या ओटीवर बसून सांग, त्यांच्यासमोर."