वेल्डर बदलायचाय

मराठीत वेल्डर म्हणजे माणूस. यंत्राला आपण वेल्डिंग मशीन म्हणतो, नाहीतर नुसतं मशीन. कॅटलॉगवाले मात्र यंत्रालाच वेल्डर म्हणतात. एवढ्याशा फरकाआड मी लपलो. लपतोय हे मला कळत होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

धायरीत माझं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पत्र्याचं काम मच्छिंद्रमामा करायचे. साठीला टेकलेले, बोलायला कमी, आणि हात असा की घासून झाल्यावर जोड कुठे होता ते मलाही सापडायचं नाही. सगळं काम गॅसवर. गेल्या वर्षी मी खिडक्यांच्या ग्रिलची कामंही घ्यायला लागलो. दुकानदार म्हणाला, हे आर्कचं मशीन न्या, गेट, ग्रिल, गाडी, सगळं एकाच मशीनवर होईल. मी हुरळलो. मशीन आणलं आणि जागा व्हावी म्हणून गॅसच्या टाक्या परत देऊन टाकल्या.

मामांनी मशीनभोवती एक फेरी मारली. "शेठ, हे गेटाचं मशीन हाय. गाडीचा पत्रा मिलिमीटरभरबी नसतो. त्याला ह्यो जाळ सोसायचा न्हाई. सीओटूचं मशीन पायजे. बारीक तार, करंट कमी. एक टाका हितं, एक तितं, मधी पत्रा गार होऊ द्यायचा."

ते बरोबर बोलत होते. पण लगेच दुसरं मशीन आणायचं म्हणजे आपण पहिलं चुकीचं आणलं हे कबूल करायचं. "तुमचा हात आहे की मामा," मी म्हणालो. कौतुक फुकट असतं, त्यामुळे मालक लोक ते सढळ हाताने करतात.

मग सदाशिव पेठेतल्या दामले बाईंची गाडी आली. बाई निवृत्त शिक्षिका. गाडी पंधरा वर्षांची, दाराखालची पट्टी गंजून गेलेली. मामांनी गंज कापला, नवा पत्रा बसवला आणि टाका मारला. पत्रा वितळून भोक पडलं. ते बुजवायला गेले तर शेजारी दोन पडली. दोन दिवस ते त्या पट्टीशी झगडत होते. एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाई न कळवता आल्या. पदर सावरून वाकल्या आणि नीट पाहिलं.

"दुरुस्तीला दिली होती मी. चाळण आहे माझ्या घरी."

आमचा पेंटर योगेश हसला. माझे कान तापले. मी म्हणालो, "बाई, वेल्डर बदलायचाय. हा या कामाला योग्य नाही."

शब्द खरे होते. पण बाईंची नजर मामांकडे गेली आणि त्यांच्या हातावर थांबली. "वय झालं की माणसानं आपणहून थांबावं," त्या म्हणाल्या. त्या क्षणी 'मशीन' एवढा एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी खाली पडलेले पाने-पकडी आवरायला लागलो.

मामा तोंडापुढची वेल्डिंगची काच वर करून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी हात धुतले, "येतो शेठ" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आणखी दोन गॅरेजांत त्यांनी काम विचारलं, पण योगेशचं तोंड त्यांच्या आधी तिथे पोचलं होतं. मच्छिंद्रचा हात गेला, असं धायरीभर झालं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. लाज वाटत होती, पण गप्प बसण्याइतकीच.

पुढच्या आठवड्यात सीओटूचं मशीन आणलं. माझा हात बेताचाच. तरी मी ती पट्टी एका दुपारात जोडली. एक भोक पडलं नाही. दामले बाईंनी बोट फिरवून पाहिलं. "वेल्डर बदललात, बरं झालं." मी "हो" म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही शिसारी येते.

महिन्याभराने मामांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, वेणूबाईंनी, माझ्याकडे न बघता चहा ठेवला. मामा आता बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या गेटवर बसत होते. त्या दिवशी सुट्टी होती. नवं मशीन दाखवतो म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच गॅरेजात आणलं. पत्र्याचे दोन तुकडे शिकंज्यात धरले आणि मशीनची गन त्यांच्या हातात दिली.

मामांनी काच खाली केली. हात थरथरला. टाका जोडावरून घसरला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा मारला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चाप ओढलाच नाही. गन हळूच खाली ठेवली.

"मशीन झ्याक हाय शेठ. माझाच हात गेलाय. तुमी आदीच वळाखलं व्हतं."

"नाही मामा. तुमचा हात चांगला होता. मशीन मी चुकीचं आणलं. त्या दिवशी मी मशीनबद्दल बोललो होतो, पण बाईंना तुमच्याबद्दल वाटलं आणि मी वाटू दिलं. माझी अब्रू वाचावी म्हणून." इतकं सरळ मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो.

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हाताऱ्याचं मन राखाया किती वंगाळ सोताकडं घेताय," ते म्हणाले. "असा मालक हल्ली मिळत न्हाई."