तिसरा चौकोन

या गावात पाहुण्याच्या तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. नको असलेलं काही विचारलं, की माणसं चहा ओततात आणि हवेबद्दल बोलू लागतात. शहाण्यानं तेवढ्यावरून समजायचं. मौन म्हणजे संमती, ही म्हण ज्यानं काढली त्यानं कॅनडाच्या उत्तर ओंटारिओतल्या या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत कधी चहा घेतलेला नसणार. रोझेला मीकिस इथंच वाढलेली. तिला हे शिकवावं लागलं नव्हतं, आणि तरी तिनं पुढे जे केलं ते केलं.

विद्यापीठाचा अभ्यास होता, 'जबाबदार खाणकाम' नावाचा. निकेलची खाण निघणार होती. तिचा गाळ कुठे टाकायचा आणि त्यावर लोकांचं म्हणणं काय, हे शोधायचं होतं. प्राध्यापक व्हिटकम तसे सज्जन. वडीलधाऱ्यांना काही विचारण्याआधी तंबाखू द्यायचा इथला रिवाज त्यांनी पाठ केला होता; पुडी अगदी दोन्ही हातांनी द्यायचे. गावातली शिकलेली मुलगी म्हणून त्यांनी रोझेलाला मदतीला घेतलं. घरोघर जाऊन विचारायचं आणि कागदावर खूण करायची. चौकोन तीन: पाठिंबा, विरोध, हरकत नाही.

गाळासाठी नेमलं होतं तीन बेटांचं तळं. त्या तळ्यात जोसायामामाची जाळी असायची. आई गेल्यावर या मामानंच रोझेलाला वाढवलं होतं, आणि दर शरदात पांढरे मासे धरायला तो तिला बरोबर न्यायचा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून तिनं त्यालाही विचारलं.

"मामा, त्या तळ्यात गाळ टाकला तर चालेल तुला?"

मामानं तिच्या कपात चहा ओतला. "यंदा बदकं लवकर निघाली गं," तो म्हणाला.

बहुतेक घरांत हेच. कुठे बदकं, कुठे बर्फ, आयडाआजीकडे तर बेरींचा मुरंबा.

"सर, आमच्यात गप्प बसणं म्हणजे नकार असतो," तिनं व्हिटकमना सांगितलं.

"पण गप्प बसण्याला चौकोन नाही ना," ते म्हणाले. "सध्या तिसऱ्यात घाल. शेवटी टीप जोडू. तुझ्या नावानं."

तुझ्या नावानं! पोरगी हुरळली, दुसरं काय? असं एकेक घर तिनं तिसऱ्या चौकोनात घातलं, मामाचंही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

दोन वर्षांनी अहवाल सांगायला व्हिटकम आले. गावच्या हॉलमध्ये मूस हरणाचा रस्सा रटरटत होता. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं: अठ्ठ्याहत्तर टक्के लोकांची हरकत नाही.

"काय गं शिकलेले," आयडाआजी मागून ओरडली, "मी कधी म्हटलं असं? मी तुला मुरंबा खायला घातला, तो लिहिलास का कुठे?"

दोघंतिघं हसले. मग कुणीच हसलं नाही.

रोझेला उभी राहिली. "सर, टीप कुठे आहे?"

"पुरवणीत. पान दोनशे चौदा."

"सरकारनं वाचली?"

व्हिटकमनी चष्मा पुसायला घेतला. "मंजुरी कालच आली, रोझेला. मला खरंच वाईट वाटतंय."

वाईट वाटून घ्यायला त्यांचं काय जातंय! उन्हाळ्यात ते दुसऱ्या कुठल्या तरी तळ्याच्या अभ्यासाला जाणार होते.

तिला रडू फुटलं. ती मामाकडे वळली. "मामा, तू तरी बोल! सगळ्यांसमोर एकदा नाही म्हण."

मामानं रश्श्याची वाटी खाली ठेवली. "म्हटलं होतं की, पोरी," तो शांतपणे म्हणाला. "तुलाच म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बूट घालून त्याच्या दारात गेली. तळ्याचा हा शेवटचा शरद. मामा आत जाळी गुंडाळत होता.

"मामा, येऊ ना मी?"

त्यानं जाळं बाजूला ठेवलं. फडताळातून तिचा कप काढला, पुसला आणि काठोकाठ चहा ओतला.

"वारा उत्तरेचा सुटलाय," तो म्हणाला, आणि जाळी खांद्यावर टाकून एकटाच होडीकडे गेला.