देदेईची शेवटची बॅग

बुधवारी आयिक्वेचं जेवण आलं नाही.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तरी समुद्रकाठच्या बुकोम वस्तीच्या जुन्या रीतीप्रमाणे तो पुरुषांच्या घरात राहायचा आणि देदेई आपल्या आईच्या घरात, बायकांमध्ये. मध्ये दोन गल्ल्या. दुपार झाली की तिकडून झाकलेलं भांडं यायचं. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, म्हणजे केंके, तळलेला मासा, मिरचीची चटणी शितो. त्या दिवशी दोन वाजून गेले तेव्हा तो चिडला. तीन वाजता मेहुणी कोर्कोर आली. तिने डोक्याला लाल फडकं बांधलं होतं.

"दाजी, जेवण नाही आणलं," ती म्हणाली. "पहाटे गेली ती."

"कुठे गेली?" आयिक्वेने विचारलं. कोर्कोरने डोक्यावरचं फडकं सारखं केलं; लाल फडकं सुतकातच बांधतात. मग त्याला कळलं.

छातीत पाणी झालं होतं म्हणे. तो धावत गेला तेव्हा खोली बायकांनी भरली होती. त्याला दारापाशी स्टूल दिलं.

आयिक्वे बॉक्सिंगच्या बॅगा करायचा. निदान लोक तसं म्हणायचे. कांतामांतोच्या बाजारात गोऱ्यांच्या देशांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. त्यातल्या खेळाच्या कपड्यांना फार गिऱ्हाईक नसतं. फाटक्या जर्सी, विरलेल्या ट्रॅकपँट, पळणाऱ्यांच्या घट्ट विजारी. देदेई त्या ढिगाने आणायची, धुवायची, घड्या घालून ठेवायची आणि अगदी शेवटी, भरायच्या आदल्या दिवशी, त्यांच्या चेन, बटणं, इलॅस्टिक कापून काढायची. आत एक चेन राहिली तरी बॉक्सरच्या बोटांची सालं निघतात. आयिक्वे ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचं कव्हर शिवायचा, साखळी लावायचा आणि ती थर घालेल तसा वरून मुसळाने ठोकायचा. ठोकताना रस्त्याने जाणाऱ्यांशी गप्पा चालू असायच्या.

दुसऱ्यांच्या बॅगा सहा महिन्यांत खाली दगड होतात आणि वर पोकळ. त्याच्या होत नसत. सगळ्या तालमींत "आयिक्वेची बॅग" असं नाव होतं. ते ऐकायला त्याला आवडायचं.

अट्टो उस्तादाच्या तालमीसाठी एक मोठी बॅग अर्धी भरून झाली होती. उरलेले कपडे अजून कापायचेत, ते घरीच कापते, असं सांगून देदेई गेली आणि पुढे दोनेक आठवडे आली नाही. हातात काम आहे म्हणून येत नसेल, असं त्याला वाटलं होतं.

सगळे नातलग जमेपर्यंत तिला शवागारात ठेवलं आणि दीड महिन्याने पुरलं. नंतरच्या सोमवारी तिच्या माहेरच्या बायकांनी तिची खोली उघडून तिच्या वस्तू वाटून घेतल्या. ती रीतच आहे. नवऱ्याने त्यात तोंड घालायचं नसतं. काही सांगायचं असेल तर बहिणीकरवी सांगायचं. आयिक्वेला बहीण उरली नव्हती. आणि बॅग पुरी करायची हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. तिच्या हातचं तेवढंच एक काम उरलं होतं. मंगळवारी तो उरलेले कपडे आणायला स्वतःच तिकडे गेला.

अंगणात एक चुलत मेहुणी मिरची वाटत होती. तिच्या अंगात पिवळी जर्सी, पाठीवर नऊ नंबर. ओट्यावरच्या म्हाताऱ्या मावशीने निळी ट्रॅकपँट घातली होती. दोरीवर आणखी जर्सी वाळत होत्या. धुतलेले, घडी घातलेले कपडे काल खोलीत सापडले होते. बायकांनी ते देदेईचे समजून वाटून टाकले होते.

"हे तिचे कपडे नाहीत," आयिक्वे म्हणाला. "बॅगेत भरायचे होते."

"ऐकलंत का?" मावशी म्हणाली. "मेलेल्या बायकोचे कपडे परत मागतोय. दुसरी बघून ठेवली वाटतं, तिच्या मापाची."

बायका हसल्या. सासू आमेर्ले हसली नाही. ती म्हणाली, "सगळे परत देते. आत्ता या सगळ्यांना उतरवायला लावते. फक्त एवढं सांग, जावईबापू, कुठले खाली घालायचे आणि कुठले वर? तिने तीन ढीग लावले होते."

आयिक्वेने दोरीकडे पाहिलं. मग पिवळ्या जर्सीकडे. जाड कपडे खाली की मधे? घट्ट विजारी कडेला की आत? बावीस वर्षं तो त्या बॅगेच्या तोंडाशी मुसळ घेऊन उभा होता आणि त्याला सांगता येईना.

"नाही ना माहीत," आमेर्ले म्हणाली. "कसं असेल? शेवटचे सोळा दिवस तुझं जेवण कोर्कोर करत होती. हिच्या हाताला मीठ जास्त. शितो करपवते. तू चाटूनपुसून भांडं परत धाडायचास."

भांड्याबरोबर तो रोज एक निरोप धाडायचा. कपडे कापून झाले का, असा. तो त्याला आता आठवला.

कोर्कोर खाली बघत म्हणाली, "मी सांगायचे तिला. ती म्हणायची, उद्या होतील म्हणावं. आजारी आहे हे सांगू नकोस, अट्टोची बॅग लांबली म्हणून तो चिडेल."

कुणी काही उतरवलं नाही आणि त्यानेही पुन्हा मागितलं नाही.

त्याने कांतामांतोवरून स्वतः एक गठ्ठा आणला. धुतला, चेन कापल्या, मनाला येईल तसे थर घातले आणि ठोकले. चार दिवसांनी अट्टो बघायला आला. त्याने खाली एक ठोसा मारला, वर एक मारला आणि मूठ चोळत राहिला.

"आयिक्वे," तो म्हणाला, "खाली ठीक आहे. वर मात्र ही तुझी बॅग वाटत नाही."

आयिक्वे म्हणाला, या वेळी कपडे बरे मिळाले नाहीत. अट्टोने मान हलवली. घाई नाही, पण होईल तेव्हा तुझ्याच हातची दे, असं म्हणून तो गेला.

आयिक्वेने आपले थर उपसून काढले. तिच्या थरांना हात लावला नाही. बॅग अंगणात टांगलेली आहे. वरचा दोन हात भाग भरायचा राहिला आहे. आणि या बॅगा देदेई करायची, हे अट्टोला सांगायचं राहिलं आहे.