रेनबो बीचवरची जागा

जोनेटनं वडिलांच्या गॅरेजचं शटर वर ढकललं, तर आत सगळं रिकामं. घडीच्या खुर्च्या नव्हत्या, निळी ताडपत्री नव्हती, खिळ्याला वर्षभर टांगलेलं पिवळ्या पट्टीचं रीळ नव्हतं. त्यांची जुनी ब्यूक गाडी तर नव्हतीच. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सकाळ, अजून सातही वाजले नव्हते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे इझेल टॉलिव्हर दुखरा गुडघा घेऊन गायब झाले होते. कुठे गेले, हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

"रेनबोला गेले," ती स्वतःशीच म्हणाली. "झालं! आता काय करू?"

तिनं भावाला फोन लावला. क्लिफ्टन केव्हाचा त्रेसष्टाव्या रस्त्याच्या बीचवर पोहोचला होता. यंदा टॉलिव्हरांनी तिथला मंडप आरक्षित केला होता आणि तो बर्फाच्या पेट्या उतरवत होता.

"क्लिफ, डॅडींना तू सांगितलं होतंस ना?"

"काय?"

"काय म्हणजे? यंदा रेनबोला जायचं नाही, ते."

पलीकडे पेटी आपटल्याचा आवाज आला.

"मी? अगं, तू सांगणार होतीस!"

"मला वाटलं, तू सांगितलंस. गेल्या रविवारी गेला होतास ना त्यांच्याकडे?"

"गेलो होतो. पण ते खुर्च्या धूत बसले होते. आता खुर्च्या धुणाऱ्या माणसाला असलं काही कसं सांगायचं, तूच सांग."

जोनेटनं फोन बंद केला आणि गाडीत बसली.

शिकागोच्या साउथ साइडला चार जुलैच्या दिवशी समुद्राएवढ्या त्या तळ्याकाठी सावलीतली जागा मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. फाटक उघडण्याआधीच गाड्यांची रांग लागलेली असते. ज्याची पट्टी झाडाला आधी, त्याची जागा. मग तिथे मेयर आला तरी त्याला उन्हात बसावं लागेल. टॉलिव्हरांच्या घरात हे काम इझेलकडे आलं, कारण ते पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे. पाळी सुटली की घरी न जाता तसेच मळक्या कपड्यांनी रेनबोला जायचे, पाण्याजवळच्या तीन झाडांना पट्टी गुंडाळायचे आणि खुर्ची टाकून राखण करत बसायचे. दहाच्या सुमाराला बायको अर्लीन पोरंबाळं, आत्या-मावश्या आणि भांडीकुंडी घेऊन आली, की मग कुठे ते ताडपत्रीवर आडवे व्हायचे. पुढे कारखाना बंद पडला, अर्लीन गेली, पोरांना पोरं झाली. जागा मात्र तीच राहिली.

ती बदलायचं ठरलं मे महिन्यात, जोनेटच्या घरी जेवणं झाल्यावर. विषय निघाला तोच इझेलच्या गुडघ्यावरून. म्हाताऱ्या माणसाला आणखी किती राबवायचं? त्रेसष्टाव्या रस्त्यावर डोक्यावर छप्पर, गाडी जवळ लागते, स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर, आणि मंडप आपल्या नावावर असला की कोणी पहाटे उठायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण फार मायाळू माणसं आहोत असं त्या दुपारी सगळ्यांनाच वाटलं. फक्त इझेल त्या दिवशी नेमके आलेले नव्हते, आणि त्यांना सांगायचं काम थोरली म्हणून जोनेटच्या गळ्यात पडलं.

ती तीनदा गेली. एकदा ते ताडपत्रीला ठिगळ लावत होते. एकदा म्हणाले, "यंदा पाणी लवकर तापलंय, पोरांची चैन आहे." तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं खरं, पण बटाट्याचं सॅलड किती करू, एवढंच विचारून परत आली. बाई शाळेत उपमुख्याध्यापिका. दांडगट पोरांच्या आईबापांना समोर बसवून सुनावणारी. पण बापापुढे तिची जीभ उचलेना.

सिग्नलला थांबल्यावर तिनं पुन्हा फोन लावला.

"क्लिफ, ऐक. सगळ्यांना रेनबोला बोलाव."

"वेड लागलंय का तुला? बर्फ उतरवून झालाय माझा! आणि अर्नेस्टाइन आत्या येऊन बसलीय सुद्धा, चांगला वाऱ्याचा कोपरा धरून."

"तिला उठव."

"तूच येऊन उठव. माझी छाती नाही."

"क्लिफ्टन, डॅडी तिथे एकटे बसलेत. आपल्या सगळ्यांची जागा धरून."

पलीकडे एक पेटी पुन्हा ट्रकवर चढवल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "पण आत्याला मी तुझं नाव सांगणार."

जोनेटला हायसं वाटलं. आता काही सांगायलाच नको. सगळे रेनबोला जमतील, दरवर्षीसारखे, आणि डॅडींना कधी काही कळणारच नाही. बापाला दोन वाक्यं सांगण्यापेक्षा अख्खं खानदान उचलून आणणं तिला सोपं वाटलं.

रेनबोवर गवताचा तुकडान् तुकडा धरून झाला होता. कुठे चादरी, कुठे दोऱ्या, कुठे नुसत्याच पेट्या मांडून लोक राखण करत बसले होते. वारा पडलेला होता आणि तळं अगदी शांत होतं. तीन झाडांना पिवळी पट्टी ताणून बांधलेली होती. इझेल पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले होते आणि थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत होते.

"डॅडी! कधी आलात?"

"फाटक उघडलं तेव्हा. तू बरी इतक्या लवकर उठलीस."

"झोपच नाही आली. वा, मिळाली की जागा! झकास."

"मिळाली तर," इझेल म्हणाले आणि पाण्याकडे बघत राहिले.

जोनेटनं सॅलडचा डबा बगलेत मारला आणि पट्टी उचलून आत शिरायला ती वाकली. तेवढ्यात झाडामागून एक तरुण लगबगीनं पुढे आला. त्याच्या खांद्यावर एक तान्हं पोर झोपलेलं होतं.

"माफ करा, मॅडम. जागा घेतली. आमची माणसं येते."

"अहो, ही आमची जागा आहे. ते बसलेत ना, ते माझे वडील."

"हो, हो. पण जागा घेतली," तो म्हणाला. भाषा नवी होती, शब्द जुळवून जुळवून बोलत होता, पण पाय जराही मागे घेत नव्हता. "आमची माणसं येते. खूप माणसं."

आणि तोंडी परीक्षेतल्या पोरासारखं त्यानं जोनेटच्या खांद्यावरून इझेलकडे बघितलं. तेव्हा कुठे जोनेटच्या ध्यानात आलं, की वडिलांची खुर्ची पट्टीच्या बाहेर होती.

"बघितलंस?" इझेल खूश होऊन म्हणाले. "सख्ख्या लेकीला आत सोडत नाही. पोरगा तयार झाला. शाब्बास, योर्मान!"

योर्मान लाजून हसला. त्याची बायको आत एका चादरीवर पीठ मळत बसली होती. तिनंही हात हलवला.

"डॅडी, हे काय चाललंय?"

"दिली त्यांना जागा."

"दिली म्हणजे?"

"म्हणजे दिली. सकाळपासून किती जण येऊन गेले मागायला! एकाचा स्पीकर माझ्या गाडीएवढा. एक म्हणे, फक्त तासभर द्या. चार जुलैला तासभर, ऐकलंयस कधी? एकानं तर गॅसची शेगडी काढली, त्याला मी उभाच केला नाही. मग हे आले. व्हेनेझुएलाचे आहेत, इथेच जवळ राहतात. त्यांच्या इमारतीतले बाकीचे मागून बसनं येतायत. गेल्या शनिवारी मी पाण्याचा अंदाज घ्यायला आलो होतो, तेव्हा भर उन्हात बसले होते, एक चादर टाकून. पोर नुसतं लालबुंद झालं होतं. म्हटलं, झाडं यांनाच द्यायची."

"पण आपलं काय? आपली माणसं कुठे बसणार?"

"तुमची तिकडे सोय आहे ना, छपराखाली?"

जोनेटनं बगलेतला डबा गवतावर ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बर्निसनं. चर्चमधली. म्हणाली, थाट आहे बाई, यंदा टॉलिव्हर मंडपात बसणार! मी म्हटलं, हो, बसणार."

"कधी?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात! मग बोलला का नाहीत, डॅडी?"

इझेलनी झाकणातली उरलेली कॉफी गवतात ओतली, झाकण थर्मासवर बसवलं आणि सावकाश फिरवून घट्ट केलं.

"तू सांगायची वाट बघत होतो," ते म्हणाले.

ते चिडून म्हणाले असते तर जोनेटनं उलट उत्तर दिलं असतं. पण ते चिडलेले नव्हते. तिला मान वर करवेना.

"तीनदा आलीस," इझेल म्हणाले. "दर वेळी वाटायचं, आता सांगेल. तर तू विचारलंस बटाट्याचं! तुझी आई गेल्यापासून सॅलड तूच करतेस. दुसऱ्या कोणाच्या हातचं आपल्यात कोणी तोंडात तरी घालतं का? म्हटलं, पोरीला काहीतरी बोलायचंय, बोलवत नाहीये. बसू दे अजून थोडं."

"मला तुमचं मन मोडवेना."

"जागेनं कसलं मन मोडतंय? माझा गुडघा मलाही कळतो, पोरी. पण आपण कुठे जायचं, हे घरात एकट्या मलाच माहीत नाही? चर्चमधल्या बाईकडून कळावं?" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "त्याचं वाईट वाटलं. फार नाही. पण वाटलं."

जोनेट काही बोलणार तोच मागून हॉर्न ऐकू आले. क्लिफ्टनचा ट्रक, त्यामागे चुलत्यांच्या, भाच्यांच्या, नातवंडांच्या गाड्या. माणसं भराभर उतरली. मसाला लावलेल्या मांसाच्या रिब्जचे ट्रे, ॲपल पाय, टरबुजं, पत्त्यांचं टेबल, झोपेतून उठवलेली पोरं, असा सगळा लवाजमा गवतावरून चालत आला. क्लिफ्टन मांस भाजायचं कोळशाचं पिंप ढकलत थेट पट्टीपाशी गेला.

"जागा घेतली," योर्मान म्हणाला.

क्लिफ्टननं बहिणीकडे बघितलं. "हा कोण?"

"आधी मला वाऱ्यातनं कोणी उठवलं त्याचं नाव सांगा!" मागून अर्नेस्टाइन आत्या गरजली.

"मी उठवलं, आत्या," जोनेट म्हणाली. "सगळी चूक माझी आहे. दोन मिनिटं गप्प बसा, मला डॅडींशी बोलायचंय."

ती वडिलांच्या खुर्चीसमोर गवतावर गुडघे टेकून बसली. सगळं टॉलिव्हर खानदान हातात जड ट्रे घेऊन उन्हात उभं राहिलं.

"डॅडी, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"बोल."

"यंदा रेनबोला न जाता त्रेसष्टाव्या रस्त्यावर जावं, असं आमच्या मनात आहे. मंडप मिळतोय. तुम्हाला काय वाटतं?"

इझेलनी हनुवटी चोळली. मे महिन्यापासून ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी नीट ऐकून घेतली.

"सावली?"

"छप्पर आहे."

"शेगडी कसली? गॅसची असली तर मी येणार नाही."

"कोळशाची. आपलंच पिंप नेऊ."

"पोरांसाठी पाणी कसं आहे?"

"काठाला उथळ आहे. वाळू मऊ आहे."

"गाडी?"

"अगदी जवळ लागते."

"इझेल, हो म्हणून टाक!" आत्या ओरडली. "रिब्ज इथेच भाजून निघतील!"

"थांब गं तू. घाईनं ठरवायची गोष्ट आहे का ही?" इझेल म्हणाले. मग त्यांनी त्या तीन झाडांकडे बघितलं. योर्माननं पोराला सावलीत निजवलं होतं आणि स्वतः पट्टीला धरून उभा होता.

"आणि माझं काय काम तिथे?" इझेलनी हळूच विचारलं.

जोनेटला काहीतरी सांगता आलं असतं. पिंपावर लक्ष ठेवा, पोरांवर लक्ष ठेवा. पण बापाला काहीबाही सांगून वेळ मारून नेण्याचा आता तिला वीट आला होता.

"काही नाही, डॅडी," ती म्हणाली. "नुसतं बसायचं."

"बसायचं."

"हो."

"कोणाशेजारी?"

"माझ्या."

इझेलनी थर्मास तिच्या हातात दिला, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि गुडघ्याला एक शिवी घालून उठून उभे राहिले.

"मग चला," ते म्हणाले. "क्लिफ, या खुर्च्या त्या पोराकडे राहू देत, त्याची माणसं येतायत. माझी एक घे. आणि तिची एक."