तलावासमोरचा कोरडा दगड

मित्रांनो, मी धुण्याचा एक जुना दगड आहे. आता बंगल्याच्या बागेत बसायच्या कामी येतो, म्हणून सांगावे लागते.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी केवळरामने मला नागरा गावाहून बैलगाडीत घालून गावच्या तलावावर आणले. त्याच्या लेकीची, शामकलेची हळद माझ्यावरच उतरली. गावात कुणी गेले की दहाव्याला त्याचे कपडे लेकीसुना माझ्यावर धूत. मारुतीच्या पारावरून मी दिसायचो. पाणी माझ्यापासून किती खाली गेले ते पाहून लोक धानाला पाणी सोडायचे ठरवत.

मग गोंदियाच्या एका शेठना तलावाचा देखावा आवडला. काठाची जमीन घेऊन त्यांना तीन बंगले बांधायचे होते. घाटाची वाट मोकळी राहील, असे गावाने लेखी मागितले. शेठ माझ्यावर उभे राहिले, ओंजळीत तलावाचे पाणी घेतले आणि म्हणाले, "घाट गाँव का ही रहेगा."

केवळराम गावचा पंच. पाण्याची शपथ मोडणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. तो लोकांना म्हणाला, "हाती पाणी घेतलं त्यानं. आता कागद कायले मांगता?"

बंगले झाले, भिंत आली. मजुरांनी मला पहारीने उपटून बागेत बसवले. पाहुणे माझ्यावर बसून तलावाची तारीफ करत. पारावरून मात्र भिंतच दिसे. भिंतीपलीकडून लोकांचे टोमणे ऐकू येत, "केवळरामभाऊ, तलावात पाणी किती हाये? शेठले विचारून सांगा न." पुढे त्याने ती वाटच सोडली. आंघोळ घरच्या विहिरीवर.

एकोणसाठच्या हिवाळ्यात तो गेला. दहाव्याला शामकला सासरहून, देवरीहून आलेली होती. बापाचे धोतर घेऊन ती फाटकाशी उभी राहिली. चौकीदार जागेश्वर गावातलाच. त्याने मान खाली घातली.

"बाई, पाव्हणे त्या दगडावर बसून राहिले. आत नाही सोडता येत."

शामकला रडली नाही, भांडलीही नाही. घरी जाऊन तिने धोतर विहिरीवर धुतले आणि तांब्याभर पाणी घेऊन परत आली.

"पाव्हणे उठले का हे त्या दगडावर टाकजो. बाबानं आणला होता तो."

जागेश्वरने ते पाणी माझ्यावर ओतले. तलाव वीस पावलांवर होता.

मित्रांनो, पाण्याकडे खिडक्या जरूर ठेवा. पण तिथे आधी कुणाची वाट होती, ते विचारा. आणि वाट मोकळी ठेवायचा शब्द कुणी दिला, तर तो कागदावर घ्या. ओंजळीतले पाणी बोटांतून गळते. शेठच्या ओंजळीतले माझ्यावरच गळले होते.