झुडपी बेडकांची मोजणी

जंगलाचा आवाज ऐकायला तपश्चर्या लागते, असं मोजणीदार दरवर्षी वन खात्याच्या सभेत सांगत. माईक बंद पडलाय, हे मात्र त्यांना एकदाही कळलं नाही.

टेकडीवरच्या त्या जंगलात नखाएवढा एक झुडपी बेडूक होता. जगात दुसरीकडे कुठेच नाही. डबक्यात न उतरता पानावरच अंडी घालायचा आणि दिसण्याच्या भानगडीत सहसा पडायचा नाही; म्हणून त्याची मोजणी आवाजावरून. पावसाळ्यात तिन्हीसांजेला खुणेच्या चाळीस खांबांपैकी प्रत्येकापाशी पाच मिनिटं उभं राहायचं, किती ठिकाणांहून ‘टिक-टिक’ येते ते मोजायचं, तक्त्यात भरायचं. जंगल राखीव होतं ते या आकड्याच्या जोरावर.

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून बायको सोबत यायची.

“अहो, हा एक. तो वेलीत दुसरा. तिसऱ्याचा घसा बसलाय बघा.”

“मला ऐकू येतंय. सरकारी कामात लुडबुड नको,” असं म्हणून मोजणीदार तीन लिहीत.

अकरा वर्षं हे चाललं. मग ती चार दिवसांच्या तापाने गेली.

पुढच्या पावसाळ्यात मोजणीदार एकटेच खांबापाशी उभे राहिले. टिक नाही की टुक नाही. घरीही तेच होतं, त्यामुळे त्यांना फारसं नवल वाटलं नाही. माणूस प्रामाणिक, चाळीसही रकान्यांत शून्य भरलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. खात्याने ते वर पाठवलं. वरून उत्तर इतकं चटकन आलं की तिकडे कोणी वाटच बघत बसलं असावं. जंगलाचं राखीवपण उठलं, तोडायच्या खोडांवर लाल पट्टे आले.

परगावी राहणारी लेक आली. तिला आईचा फिरायचा रस्ता बघायचा होता. पहिल्याच खांबाशी ती थबकली.

“बाबा, काय कलकलाट हा!”

“कसला?”

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती.

“हेच की, टिक-टिक. पंधरा-वीस तरी असतील.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आई मोजायची का हो?”

“ती नुसती सोबत यायची,” मोजणीदार म्हणाले, आणि खांब धरून खाली बसले.

सकाळी ते अर्ज घेऊन कचेरीत हजर: मोजणी पत्नीने केली, शेवटच्या दोन वर्षांची शून्यं तेवढी माझी, तरी तोड थांबवावी.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “काका, तुम्हाला ऐकू येत नाही असं धरलं, तर मागची अकरा वर्षंही बाद. येतं असं धरलं, तर शून्य खरं.”

“बेडूक आहेत हो साहेब. लेक मोजून देईल.”

“त्या कर्मचारी नाहीत.”

“आमची ही तरी कुठे होती?”

साहेबांनी अर्ज फायलीत लावला.

कानाचं यंत्र लेकीने त्याच महिन्यात पाठवलं. ते लावून मोजणीदार पहिल्या खांबापाशी गेले. खांब जागेवर होता. डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहिले. करवती अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

यंत्राला दोन वर्षांची हमी आहे.